राधेय आणि ‘मामकाः’

गीतेचा पहिला श्लोक धृतराष्ट्राच्या मुखातून निघाला आहे, आणि त्या एकाच श्लोकात त्याने आपल्या घरच्या मुलांची वाटणी करून टाकली आहे. काहींना तो ‘मामकाः’, माझे, असे म्हणतो; उरलेल्यांना पांडूचे. या शब्दातून धृतराष्ट्राचा पुत्रमोह प्रकट होतो, हे टीकाकारांनी दाखविलेच आहे. परंतु ज्यांना त्याने वेगळे काढले ते पाच जण कोणी परके नव्हते. शतशृंग पर्वतावर पांडूचा अंत झाल्यावर ऋषींनी ती पोरकी मुले हस्तिनापुरास आणून पोचविली आणि तेथून पुढे ती धृतराष्ट्राच्याच आश्रयाने वाढली. युद्धापूर्वी शिष्टाईसाठी गेलेल्या श्रीकृष्णाने भर सभेत त्याला हीच आठवण दिली होती. ही मुले बालपणीच पित्याला अंतरली, तूच त्यांना वाढविलेस, तेव्हा पुत्रांप्रमाणे त्यांचे रक्षण कर, असे त्याचे सांगणे होते. धृतराष्ट्राला ते पटले. पण ‘मामकाः’ हा शब्द त्याच्या जिभेवरून गेला नाही.

याच धृतराष्ट्राचा अधिरथ नावाचा एक मित्र होता. तो ज्ञातीने सूत, व्यवसायाने सारथी. वनपर्वात त्याचा पहिला उल्लेख धृतराष्ट्राचा सखा असाच येतो. त्याच्याही पदरात एक परके मूल पडले. राजवाड्यातील चुलत्याला जे जमले नाही ते या सारथ्याला व त्याच्या पत्नीला जमले. या दोन घरांची तुलना मनात ठेवून कर्णाची कथा वाचली म्हणजे तिचा अर्थ निराळा लागतो. कर्णाला घर मिळाले नाही म्हणून तो दुःखी झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मूळ ग्रंथ मात्र असे सांगत नाही. घर त्याला मिळाले होते आणि ते उत्तम होते. उणीव दुसरीकडे होती.

गीतेत कर्णाचा निर्देश तीन ठिकाणी आहे. पहिल्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात दुर्योधन आपल्या वीरांची गणना करताना त्याचे नाव घेतो. अकराव्या अध्यायात दोनदा तो येतो. विश्वरूप पाहताना सव्विसाव्या श्लोकात अर्जुन त्याला ‘सूतपुत्र’ म्हणतो. भगवान मात्र चौतिसाव्या श्लोकात त्याला ‘कर्ण’ म्हणतात. अर्जुनाला ठाऊक नव्हते. भगवंताला ठाऊक होते. गीतेत अर्जुनाला वारंवार ‘कौन्तेय’ आणि ‘पार्थ’ अशी हाक येते. त्या दोन्ही नावांवर समोरच्या पक्षातील त्या सूतपुत्राचा अधिकार अर्जुनाच्या अगोदरचा होता, आणि हाक मारणारा ते जाणून होता. स्वजनांना कसे मारू म्हणून अर्जुन रथात खाली बसला, तेव्हा आपल्या स्वजनांची खरी संख्यासुद्धा त्याला माहीत नव्हती.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. ‘सूतपुत्र’ हा शब्द ज्या काळी हिणवण्यासाठी वापरला गेला, त्याच काळी गीता धृतराष्ट्रापर्यंत व पुढे आपल्यापर्यंत पोचविणारा संजय हाही गवल्गण नावाच्या सूताचाच पुत्र होता.

कर्णाच्या जन्माची कथा सर्वपरिचित आहे. तथापि तिच्या आरंभी उभी असलेली कुंती हीसुद्धा पालित कन्या होती, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. तिचे मूळ नाव पृथा. ती यादव शूराची कन्या, वसुदेवाची बहीण. आपल्या निपुत्रिक आप्ताला, कुंतिभोजाला, शूराने ती देऊन टाकली. कुंतिभोजाच्या घरी तिला काही कमी नव्हते. तरी उद्योगपर्वात, मुले मोठी होऊन वनवासही भोगून आल्यावर, ती श्रीकृष्णापाशी जे बोलते ते वाचण्यासारखे आहे. आपल्या दुःखाचा दोष ती दुर्योधनाला देत नाही, स्वतःलाही देत नाही. ती दोष देते जन्मदात्या पित्याला. हातात चेंडू घेऊन खेळण्याच्या वयात त्याने मला एखाद्या द्रव्यासारखे देऊन टाकले, असे ती म्हणते. राज्य गेले, पती गेला, पुत्र अरण्यात हिंडले. पण वृद्धापकाळी मनात सलत राहिले ते ते लहानपणचे देऊन टाकणे. पालकाचे प्रेम कितीही असले तरी ‘मला का दिले?’ हा प्रश्न मुलाच्या मनात राहतोच. व्यासांनी तो एका राजमातेच्या मुखी घातला आहे.

अशा स्त्रीवर आपलेच मूल सोडण्याचा प्रसंग आला. दुर्वासांनी दिलेला मंत्र, सूर्याचे आवाहन, कवचकुंडलांसह झालेला जन्म आणि लोकलज्जेचे भय हे सर्व ठाऊकच आहे. वनपर्वाने पेटीचे वर्णन बारकाईने केले आहे. तिच्यात मऊ अंथरूण घातले होते आणि पाणी शिरू नये म्हणून ती मेणाने लिंपली होती. ती सोडताना कुंती रडली आणि जी स्त्री तुला पुत्र मानील ती धन्य, असे म्हणाली. ती पेटी अश्वा नदीतून चर्मण्वतीत, म्हणजे आजच्या चंबळेत, तेथून यमुनेत व यमुनेतून गंगेत गेली आणि अंगदेशातील चंपानगरीला, आजच्या भागलपूरच्या परिसरात, लागली. अधिरथ पत्नीसह गंगेवर आला होता. राधेला मूल नव्हते. पेटी उघडल्यावर अधिरथ पत्नीला म्हणाला की, हे देवांनीच आपल्याला दिले आहे. त्यांनी त्याचे नाव वसुषेण ठेवले. पुढे राधेला स्वतःचीही मुले झाली. पोटची मुले झाल्यावर आणलेल्या मुलाला दूर लोटल्याची उदाहरणे संसारात कमी नाहीत. राधेच्या घरात तसे घडल्याची एक ओळही महाभारतात नाही. उलट मुलगा मोठा झाल्यावर अधिरथाने त्याला शस्त्रविद्येसाठी हस्तिनापुरास पाठविले. कुंतीला हेरांकडून हे सर्व कळत होते. आपला मुलगा अंगदेशात सूताच्या घरी वाढतो आहे, हे तिला माहीत होते.

उणीव उत्पन्न झाली ती घराबाहेर. द्रोणांनी ब्रह्मास्त्र देण्याचे नाकारले, कारण त्यासाठी विशिष्ट वर्ण हवा होता. मग कर्ण महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि आपण भृगुकुलातील ब्राह्मण आहोत असे त्याने सांगितले. खोटे उघड झाले आणि शाप मिळाला. खोटे बोलणे वाईटच. परंतु ज्या मुलाला प्रत्येक दारावर प्रथम कुळ विचारले जाते, त्याला कुळ बनवून सांगण्याचा मोह होतो, हेही समजून घेतले पाहिजे.

आदिपर्वातील रंगभूमीचा प्रसंग या दृष्टीने सावकाश वाचावा. अर्जुनाने करून दाखविलेले प्रत्येक कर्म कर्णाने करून दाखविले आणि द्वंद्वाची मागणी केली. तेव्हा कृपाचार्य पुढे झाले. त्यांनी अर्जुनाचे कुळ सांगितले आणि कर्णाला माता, पिता व वंश सांगण्यास फर्माविले. विद्या सिद्ध झाली होती, बळ सिद्ध झाले होते. राहिला होता फक्त हा प्रश्न. कर्णाची मान खाली गेली. त्या प्रेक्षकांत उत्तर ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, आणि ती मूर्च्छित पडली होती. विदुराने चंदनाचे पाणी शिंपडून कुंतीला सावध केले. सावध झाल्यावर दोन्ही पुत्र एकमेकांसमोर शस्त्र धरून उभे असलेले तिने पाहिले, आणि ती गप्प राहिली.

बोलला तो दुर्योधन. तेथल्या तेथे त्याने कर्णाला अंगराज्याचा अभिषेक केला; वीरांचे व नद्यांचे मूळ शोधू नये, अशा अर्थाचेही तो बोलला. त्याचे बोलणे युक्त होते; हेतू शुद्ध नव्हता. एखादे योग्य वाक्य अयोग्य माणसाच्या तोंडून प्रथम ऐकू यावे आणि ज्यांनी ते बोलावयाचे त्यांनी मौन धरावे, हे त्या सभेचे दुर्दैव. याच्या बदल्यात काय देऊ, असे कर्णाने विचारले. दुर्योधनाने निरंतर मैत्री मागितली. तो सौदा पुढे किती महाग पडला हे सर्वांस ठाऊक आहे.

इतक्यात अधिरथ रंगभूमीत आला. अंगाला घाम, खांद्यावरून घसरलेले उत्तरीय, थरथरते शरीर आणि हातात काठी. राजाच्या अभिषेकाने मस्तक ओले असलेल्या कर्णाने त्याला पाहताच धनुष्य खाली ठेवले आणि ते ओले मस्तक त्याच्यापुढे लववले. भर सभेत, नुकताच राजा झालेला तरुण एका सारथ्यासमोर वाकला. अधिरथाने संकोचून आपले पाय वस्त्राने झाकून घेतले, त्याला ‘पुत्र’ म्हणून हाक मारली व आलिंगन दिले. आणि अभिषेकाने ओले झालेले ते डोके त्याच्या अश्रूंनी पुन्हा भिजले. हे पाहूनच भीमाने हिणवले की, याने चाबूक हाती धरावा.

कर्णाने पित्याला ओळख देण्यात क्षणाचाही विलंब केला नाही, हे येथे पाहावे. ओळख दिली तर नव्याने मिळालेली प्रतिष्ठा जाईल हे त्याला दिसत होते. पालकाविषयी त्याची निष्ठा कधीही डळमळली नाही. डळमळत राहिले ते जगाकडून मान्यता मिळविण्याचे त्याचे मन. जी मान्यता अधिरथ देऊ शकत नव्हता ती दुर्योधनाने दिली, आणि जेथे मान्यता मिळाली तेथे कर्णाने आपला विवेक गहाण टाकला. द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने जे शब्द उच्चारले, तिची व पांडवांची वस्त्रे हिरावून घेण्यास त्याने दुःशासनाला जे सांगितले, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मराठी वाचकाला कर्ण मुख्यतः ‘मृत्युंजय’ (१९६७) व ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्यांतून भेटलेला आहे, आणि त्या प्रेमाने लिहिलेल्या कर्णाला सहसा दोष लागत नाही. व्यासांचा कर्ण इतका निर्दोष नाही. एक उदाहरण मात्र उलट बाजूचे द्यावयास हवे. सूताला वरणार नाही असे म्हणून स्वयंवरात द्रौपदीने त्याला नाकारल्याची जी हकीकत घरोघर सांगितली जाते, ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीने मूळ संहितेत धरलेली नाही. तेव्हा द्यूतसभेतील त्या वागण्याला अपमानाच्या सुडाची सबबही पुरती उरत नाही. पुढे श्रीकृष्णापाशी कर्णाने स्वतःच कबूल केले की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना कठोर शब्द बोललो आणि त्याचा मला आज ताप होतो. कोणाला तरी ‘बरे वाटावे म्हणून’ आपले न पटणारे करणे, ही आपले स्थान शोधत फिरणाऱ्या मनाची खूण आहे.

ज्या संभाषणात त्याने ही कबुली दिली ते उद्योगपर्वात आहे. शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्णाने कर्णाला रथात घेतले व एकांतात त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला. त्याचा युक्तिवाद धर्मशास्त्राचा होता. कन्यावस्थेत झालेला पुत्र तिच्याशी विवाह करणाऱ्याचा मानला जातो, म्हणून तू पांडूचा पुत्र आहेस. चल, पाच भाऊ तुझे पाय धरतील, राज्याभिषेक तुला होईल. जन्मभर ज्याची तहान होती ते सर्व एका वाक्यात समोर आले.

येथे शास्त्राची एक बाजू पाहण्यासारखी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत व त्यांचे सहा-सहाचे दोन वर्ग केले आहेत. पहिल्या सहांना वारसा व नाते दोन्ही आहेत. दुसऱ्या सहांना नाते आहे, वारसा नाही. मातापित्यांनी टाकलेला व दुसऱ्याने उचलून घेतलेला तो ‘अपविद्ध’. त्याची गणना पहिल्या वर्गात आहे. विवाहापूर्वी झालेला तो ‘कानीन’. तो दुसऱ्या वर्गात येतो. सर्व स्मृतींत हा क्रम एकच नाही. परंतु मनूच्या या क्रमाने पाहिले तर कर्णाचे पांडूशी असलेले नाते दुय्यम ठरते आणि अधिरथाशी असलेले नाते अधिक बळकट ठरते. टाकलेले मूल उचलून घेणाऱ्याचे पितृत्व शास्त्रकारांनी एवढ्या वर नेऊन ठेवले होते.

कर्ण मात्र स्मृतीचा आधार घेत नाही. श्रीकृष्णाने सांगितलेले सर्व मला ठाऊक आहे, धर्माने मी पांडूचाच पुत्र, हे तो आरंभीच मान्य करतो. मग तो वेगळ्याच गोष्टी सांगू लागतो. मला पाहताच मायेने राधेच्या स्तनांत दूध उतरले. माझे मलमूत्र तिने काढले. माझ्यासारख्याने तिचा पिंड कसा बुडवावा? अधिरथ मला पुत्र मानतो व मी त्याला पिता मानतो. माझे जातकर्म त्याने केले, ब्राह्मणांकडून माझे नाव ठेवविले, वयात आल्यावर माझे विवाह करून दिले. त्या स्त्रियांपासून मला पुत्र झाले, पौत्र झाले. सारी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, हर्षाने वा भयाने, तरी हे बंधन खोटे करणे मला शक्य नाही.

या उत्तरात एकही मोठा सिद्धांत नाही. दूध, लंगोट, नामकरण, लग्न, नातवंडे एवढाच हिशेब आहे. ज्या क्षत्रियाच्या दातृत्वाची कीर्ती तिन्ही लोकी होती, त्याने आपले कुळ सिद्ध करताना दाखविली ती एका सारथ्याच्या बायकोने काढलेली घाण. आपण कोणाचे, या प्रश्नाचे महाभारतातील सर्वांत स्पष्ट उत्तर हेच होय. याशिवाय दुर्योधनाच्या आश्रयाने तेरा वर्षे राज्य भोगल्याचे ऋणही तो सांगतो. शेवटी एक विनंती करतो की, हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि मला दिले तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. श्रीकृष्णाने ते गुपित राखले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुरुक्षेत्रावर ‘कौन्तेय’ ही हाक अनेकवार उमटली आणि अर्जुनाला काही कळले नाही.

गुपित राखणाराही मूळचा पालित होता. देवकीच्या पोटी जन्मून तो यशोदेच्या मांडीवर वाढला. कंसवधानंतर मथुरेत जन्मदाते मातापिता भेटले, तेव्हा बलरामासह त्याने नंदाला जे सांगितले ते भागवताच्या दशम स्कंधात, पंचेचाळिसाव्या अध्यायात आहे. ज्यांच्या आप्तांना पोसणे व राखणे शक्य न झाल्याने जी मुले टाकली गेली, त्यांना जे स्वतःच्या मुलांप्रमाणे वाढवितात तेच पिता व तीच माता, असा त्याचा आशय आहे. कृष्णाला दोन्ही घरे लाभली, कारण त्याच्या बाबतीत सत्य वेळेवर उघड झाले आणि ते उघड करताना कोणी त्याच्याकडून काही मागितले नाही. कर्णाच्या बाबतीत याच दोन गोष्टी चुकल्या.

कुंती कर्णाकडे गेली ती युद्ध अटळ झाल्यावर. तो गंगेच्या काठी पूर्वेकडे तोंड करून जप करीत होता. पाठ तापेपर्यंत तो वळणार नव्हता. तोवर ती उन्हात, त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहिली. वळून नमस्कार करताना त्याने आपली ओळख दिली ती राधेचा व अधिरथाचा पुत्र म्हणून. कुंतीने ताबडतोब ते खोडून काढले. तू कौंतेय आहेस, राधेय नव्हेस, असे ती म्हणाली. सूर्यानेही तिच्या शब्दाला पुष्टी दिली. कर्णाचे उत्तर कठोर आहे, आणि ते कठोर असावे हेच योग्य. शत्रूनेही जे केले नसते ते तू केलेस, आईसारखी माझ्याशी कधी वागली नाहीस, आणि आज आलीस ती स्वतःच्या हितासाठी, असे तो म्हणतो. तरी अर्जुनाखेरीज चौघांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र राहतील, असे वचन त्याने दिले. जिने जन्म दिला तिलाही तो रिकाम्या हाताने पाठवू शकला नाही.

कुंतीने सांगितले ते सत्य होते. परंतु पुष्कळ वर्षे अगोदर, रंगभूमीत, ते एका मुलासाठी सांगितलेले सत्य ठरले असते. गंगेच्या काठी ते इतर पाच मुलांसाठी सांगितलेले सत्य झाले. सांगण्यास उशीर झाला म्हणजे सत्याचा हेतू बदलतो आणि ऐकणारा तो हेतू लगेच ओळखतो. ज्या गृहस्थाश्रमींच्या घरी दत्तक वा प्रतिपालित मूल आहे त्यांनी हा प्रसंग जपून वाचावा. मोठा झाल्यावर सांगू, लग्नाच्या वेळी सांगू, म्हणत राहिलेली गोष्ट बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तोंडून, भांडणात, वाटणीत किंवा कृपाचार्यांसारख्या एखाद्या सभ्य प्रश्नातून मुलाला कळते. त्याला धक्का बसतो तो जन्माच्या हकीकतीने फारसा नव्हे. आपल्या माणसांनी लपविले याने. कळत्या वयापूर्वीच, गोष्ट सांगावी तसे, घरच्यांनीच सांगितलेले मूल हे ज्ञान अंगावर घेऊन वाढते.

आजचा कायदाही याच मार्गाने आला आहे. जुन्या हिंदू विधीत सामान्यतः पुत्रच दत्तक घेतला जाई. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, १९५६ याने कन्याही दत्तक घेण्याची मोकळीक दिली, आणि दत्तक दिल्याच्या दिवसापासून ते मूल सर्व अर्थांनी दत्तक मातापित्यांचे ठरते असे सांगितले. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार मूल सोपवून देणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. कुंतीला अशी मुदत कोणी दिली नव्हती. याच कायद्यात प्रतिपालनाचीही, म्हणजे शासकीय भाषेत ‘फॉस्टर केअर’ची, तरतूद आहे. त्यात मूल कायमचे आपले होत नाही. ते काही काळ आपल्या घरी वाढते आणि मूळ घर सावरले तर तिकडे परतूही शकते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी विवाहित जोडप्यांबरोबर एकट्या व्यक्तींनाही हे दार उघडले आणि प्रतिपालित मूल दत्तक घेण्यासाठीची पाच वर्षांची अट दोन वर्षांवर आणली. दत्तक मुलाला आपले मूळ शोधण्याचा मार्गही २०२२ च्या दत्तक विनियमांनी ठेवला आहे. अठरा वर्षे पुरी झाल्यावर स्वतः, त्यापूर्वी दत्तक मातापित्यांसह अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्यांच्या गोपनीयतेला धक्का न लावता. मुलाने असा अर्ज केला म्हणजे आपले प्रेम कमी पडले, असे समजून खिन्न होणाऱ्या मातापित्यांनी कर्ण-कृष्णसंवाद पुन्हा एकदा वाचावा. जन्माची सर्व हकीकत माहीत असलेला कर्णच ‘मी राधेचा’ असे म्हणाला होता.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना पुत्र, दारा, गृह यांविषयी अनासक्ती सांगितली आहे. गृहस्थाला हे लक्षण कठीण वाटते आणि काही जण त्याचा अर्थ मुलांकडे दुर्लक्ष असा करून बसतात. राधा व अधिरथ यांच्याकडे पाहिले म्हणजे तो अर्थ चुकीचा असल्याचे कळते. रात्री उठून मूल निजविण्यात त्यांनी काही उणे ठेवले नाही. तरी हे आपले रक्त, हा आपला वंश, याच्यामुळे आपण, असा अभिमान त्यांना धरताच येत नव्हता. ममता पूर्ण आणि ममत्व नाही, ही अवस्था प्रतिपालकाला परिस्थितीच शिकविते. धृतराष्ट्राच्या घरी नेमके उलटे होते.

नवव्या अध्यायाच्या सतराव्या व अठराव्या श्लोकांत भगवंतांनी स्वतःला जगाचा पिता, माता व धारण करणारा म्हटले आहे. निवास, शरण आणि सुहृद म्हटले आहे. ज्याला कोणीच नाही त्यालाही हे आश्वासन आहे, यात शंका नाही. परंतु हे वचन एखाद्या पोरक्या मुलाला घराच्या बदल्यात ऐकवावयाचे नव्हे. देवच तुझा पिता, असे म्हणून ज्याला आपण ओसरीवरच ठेवतो, त्याला त्या देवाचा अनुभव येणार कसा? वसुषेणाला देवाने दिलेली कवचकुंडले जन्मापासून अंगावर होती. भूक लागल्यावर तो रडला असेल तो राधेसाठीच.

युद्ध संपले. स्त्रीपर्वात गंगेच्या तीरावर सर्वांनी मृतांना तिलांजली देण्यास आरंभ केला तेव्हा कुंती रडत पुढे आली आणि म्हणाली की, ज्याला तुम्ही राधेय व सूतपुत्र समजत होता त्यालाही पाणी द्या. तो तुमचा वडील भाऊ होता. चंपानगरीला ज्या नदीने ते मूल आणून दिले तीच ही नदी. युधिष्ठिराने कर्णाच्या स्त्रियांना बोलावून घेतले आणि त्यांच्यासह त्याचे उदककर्म केले. आईने हे लपविले नसते तर हा संहारच झाला नसता, असा शोक तो करीत राहिला. पुढे शांतिपर्वाच्या आरंभी तो नारदांना एक आठवण सांगतो. द्यूतसभेत कर्ण कठोर बोलू लागला की त्याला संताप येई. पण कर्णाच्या पायांकडे नजर गेली म्हणजे तो संताप शमे. ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसत. हे साम्य कशाने असावे, याचा त्याने तेव्हा पुष्कळ विचार केला होता, आणि कारण काही सापडले नव्हते.